टपावरच्या तंबूतली थंडी : आपले अनुभव सांगा

पिसारा

आज माळ्यावरचे सामान काढताना रबराची गरम पाण्याची जुनी पिशवी हाताला लागली आणि गाडीच्या टपावरच्या तंबूत काढलेली आमची पहिली हिवाळी रात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहिली. तंबू नवा होता, स्लीपिंग बॅगा जाड होत्या आणि जमिनीवर झोपायचेच नसल्यामुळे गारठ्याचा प्रश्न सुटलाच, अशी आम्हा दोघांची खात्री होती. रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली ती कंबर बधिर झाल्यामुळे. नाकाचा शेंडा सोडला तर वरून कुठेही थंडी वाजत नव्हती. ती येत होती गादीकडून. कूस बदलली की दहा मिनिटे बरे वाटायचे आणि मग तीही कूस गार पडायची. जमिनीवरच्या तंबूखाली निदान वारा तरी शिरत नाही. इथे आमच्या पाठीखाली एक पातळ फळी होती आणि तिच्या खालून गार हवा आरपार वाहत होती. शेवटी ह्यांनी खाली उतरून गाडीतली पायपुसणी, रिकाम्या पिशव्या आणि दोघांची जाकिटे वर आणली. ते सगळे गादीखाली अंथरल्यावर पहाटे चारला कुठे डोळा लागला.

आपापले अनुभव लिहावेत. वस्तूंची यादी नको. काय चुकले आणि मग काय केले, ते वाचायला आवडेल.

निशाचर

ताई, तंबूसोबत येणारी गादी दिसायला जाड असते, पण जिथे खांदा आणि कंबर टेकते तिथे ती चांगलीच दबते. पाठीखाली स्लीपिंग बॅगही चेपली जाऊन तिच्यातली हवा निघून जाते, आणि ऊब तर त्या हवेतच असते. मी गादीवर बंद कप्प्यांच्या फोमची घडीची चटई टाकतो. तिचे आर-मूल्य, म्हणजे थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, एकटीचे साधारण २ असते, परंतु ही मूल्ये एकमेकांत मिळवता येतात, त्यामुळे थरावर थर घालून ५ च्या पुढे गेलो की उणे तापमानातही पाठ तक्रार करत नाही.

माझी फजिती मात्र वेगळ्याच कारणाने झाली. बॅगेवर ठसठशीत अक्षरांत ‘उणे ६’ असे छापले होते आणि बाहेर उणे ४ होते, म्हणून मी निर्धास्त होतो. नंतर कळले की स्लीपिंग बॅगांच्या आयएसओ २३५३७ या मानकात ‘कम्फर्ट’ (आरामात झोप लागेल असे तापमान) आणि ‘लिमिट’ असे निरनिराळे आकडे असतात, आणि मी वाचलेला आकडा लिमिटचा होता, म्हणजे अंगाचे मुटकुळे करून पडलेला पुरुष जेमतेम रात्र निभावून नेईल तो. मुटकुळे मी केले होते. पुढचे जमले नाही.

टपावरचा टपोरी

आपण सर्वजण शिडीला विसरत आहात. झोपण्यापूर्वी मी दोन मोठे पेले गरम पाणी प्यायलो आणि रात्री तीन वाजता हिव पडून गुळगुळीत झालेल्या शिडीच्या पायऱ्यांवर, नुसत्या मोज्यांनी, त्याची पुरेपूर किंमत मोजली. आता पाणी संध्याकाळीच पितो आणि बूट तंबूबाहेरच्या पिशवीत न ठेवता उशाशी घेतो. बाहेर ठेवलेले बूट सकाळी लाकडासारखे कडक होतात.

काजवा

टपोरी, हसू आवरत नाही, पण बुटांचे अगदी खरे आहे.

माझा अनुभव ओलीचा आहे. थंडी आत येऊ नये म्हणून मी चारी खिडक्या आणि वरचा झरोका घट्ट बंद केला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपले. पहाटे कपाळावर थेंब पडला. विजेरी लावून पाहते तो छताच्या आतल्या बाजूला पाण्याचे मणी ओळीने लोंबत होते, चेनचे दात बर्फाने चिकटले होते आणि पिसांची स्लीपिंग बॅग पायाकडे ओली होऊन पापडासारखी चपटी झाली होती. दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरहून अधिक पाणी बाहेर पडते. बंद तंबूत ते जाणार तरी कुठे? पिसे एकदा भिजली की त्यांचा फुगवटा जातो आणि फुगवट्याबरोबर ऊबही. तेव्हापासून समोरासमोरच्या दोन खिडक्या वितभर उघड्या ठेवते. आतले तापमान त्याने थोडे उतरते, पण अंग कोरडे राहिल्यामुळे झोप अधिक उबदार लागते, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय पटत नाही. तोंड बॅगेत खुपसून श्वास घेण्याचा मोह मात्र टाळावा. कानटोपी घालावी आणि नाक बाहेर ठेवावे.

गादीखालचा भागही सकाळी उचलून पाहावा. आमच्या गादीला बुरशी लागल्यावर आम्हाला हे सुचले. आता तिच्याखाली हवा खेळवणारी जाळीदार चटई असते.

जुनी शेकोटी

मी थोडे कठोरपणे लिहितो, त्याबद्दल क्षमस्व. तंबूत गॅसची शेगडी ‘फक्त पाच मिनिटे’ पेटवणाऱ्यांपैकी मी एक होतो. ऊब छान आली, सुस्ती आली, मग डोके जड झाले आणि मळमळू लागले. थकव्यामुळे असेल असे मी म्हणत होतो. बायकोने चेन उघडून मला जवळजवळ ओढूनच बाहेर काढले. शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास असतो ना रंग, त्यामुळे झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही. आत शेगडी, कंदील, निखारे यांपैकी काहीही नको. धोक्याची सूचना देणारे यंत्र लावले म्हणून शेगडी पेटवण्याची मुभा मिळते, असाही अर्थ कोणी काढू नये.

पायवाट

काकांशी पूर्ण सहमत. मी डिझेल हीटर वापरतो, ज्यात ज्वलन बाहेरच्या पेटीत होते आणि नळीतून केवळ तापलेली स्वच्छ हवा आत येते. धुराची नळी तंबूपासून लांब आणि वारा जिकडे वाहतो त्या बाजूला ठेवतो. वारा फिरला तर धूर आपल्याकडेच येतो, म्हणून इथे मात्र सूचना देणारे यंत्र हवेच. पहिल्याच रात्री पहाटे चारला हीटर बंद पडला, कारण पेटताना तो बॅटरीतून बराच प्रवाह ओढतो आणि माझी बॅटरी थंडीने आधीच मलूल झालेली होती.

सध्या माझी पसंती बारा व्होल्टच्या विजेच्या पांघरुणाला आहे. पन्नास वॅटचे पांघरूण आठ तास चालले तर ४०० वॅट-तास, म्हणजे सुमारे ३३ अँपिअर-तास खर्च होतात. मी ते अंगावर घेत नाही, अंगाखाली अंथरतो आणि झोपण्याआधी अर्धा तास लावून बंद करतो. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, एवढे लक्षात ठेवावे.

निशाचर

पिसारा ताई, त्या रात्री गाडी कुठे लावली होती?

पिसारा

ओढ्याकाठी, अगदी तळाला. जागा फार देखणी होती.

निशाचर

मग निम्मे कोडे तिथेच सुटले. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून तळाशी साचते. गाडी थोडी वर, झाडाच्या आडोशाला लावली असती तरी फरक पडला असता.

पिसारा

ह्यांना वाचून दाखवले. जागा मीच निवडली होती, याची आठवण मला लगेच करून देण्यात आली.

काजवा

ताई, त्या रबरी पिशवीचे काय झाले, ते राहिलेच की! आम्ही ती झोपण्याआधी पंधरा मिनिटे बॅगेत सरकवून ठेवतो आणि मग मांड्यांच्या मध्ये घेतो. तिथून मोठ्या रक्तवाहिन्या जात असल्यामुळे पायांपर्यंत ऊब पोहोचते.

पिसारा

ती पिशवी त्या रात्रीही आमच्याबरोबर होती, फक्त खाली गाडीत, सामानाच्या तळाशी, आणि रिकामी. आत्ताच तिच्यात गरम पाणी भरून पाहिले. बुचापाशी थेंब थेंब गळते आहे.