आवडता गिटारवादक मित्राला पहिल्यांदा ऐकवताना: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, विषय सरळ आहे. तुमचा एक लाडका गिटारवादक आहे आणि त्याचं नावही न ऐकलेला एक मित्र किंवा मैत्रीण आहे. तुम्ही पहिल्यांदा काय ऐकवलंत, तेच का निवडलंत आणि पुढे काय झालं, ते लिहा. नुसती यादी नको, ती कुठेही मिळते.

सुरुवात मी करतो. माझा माणूस मार्क नॉफ्लर, डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडचा गायक आणि गिटारवादक. मित्र नाट्यसंगीत आणि भावगीतांवर वाढलेला, घरात पेटी, स्वतः बऱ्यापैकी साथ करतो. 'सुल्तान्स ऑफ स्विंग' हे गाणं सगळेच आधी ऐकवतात. १९८३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनला ध्वनिमुद्रित झालेलं, 'अल्केमी' अल्बममधलं ते वादन माझ्याही मते नॉफ्लरचं शिखर आहे. पण या मित्राला वेगाचं कौतुक नाही. पेटीवर भरभर फिरणारी बोटं त्याने जन्मभर पाहिली आहेत. म्हणून मी 'रोमिओ अँड ज्युलिएट' लावलं, १९८० चं. त्यात नॉफ्लरच्या हातात 'नॅशनल' कंपनीची धातूची गिटार आहे. पुढे 'ब्रदर्स इन आर्म्स' अल्बमच्या मुखपृष्ठावर निळ्या आभाळात जी दिसते, तीच ही.

मिनिटभरात मित्राने विचारलं, "हा नखीने वाजवत नाही ना?" नाही वाजवत. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. त्यामुळे तारेवर कातडीचा स्पर्श ऐकू येतो आणि एकाच ओळीतले दोन सूर सारख्या वजनाचे पडत नाहीत. मित्राने ते नुसत्या कानांनी ओळखलं. मग म्हणाला, "गाणारा थांबला की हा बोलतो. साथीदार चांगला मिळालाय." गाणारा आणि वाजवणारा एकच आहे हे मी सांगितल्यावर त्याने गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं. 'सुल्तान्स' मी पुढच्या भेटीसाठी राखून ठेवलं होतं. त्यात शेवटाकडे येणारा प्रसिद्ध झपाटा त्याने ऐकून घेतला, मान डोलावली, आणि बोलत राहिला ते कडव्यांमधल्या ओळींच्या शेवटी भरलेल्या छोट्या छोट्या जागांबद्दल. इतकी वर्षं ऐकूनही त्यातल्या काही जागा मी वेगळ्या काढून कधी ऐकल्या नव्हत्या.

माझं मत असं झालंय की 'सर्वोत्तम' काय, हे ऐकणाऱ्याचा कान बघून ठरवावं. आणि ऐकवताना आपण गप्प बसावं. पटत नसेल तर जरूर सांगा.

---

सांगलीहून

माझी मैत्रीण सतार शिकलेली. गिटारवर राग वाजूच शकत नाही, पडदे (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) आडवे येतात, असं तिचं म्हणणं होतं आणि ते सोडायला ती तयार नव्हती. मी तिच्याशी वाद घातला नाही. ब्रिजभूषण काब्रा लावले.

काब्रा जोधपूरचे, उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात पोलादी दांडी. ती तारेवरून सरकते, पडद्याशी तिचा संबंधच येत नाही. म्हणजे मैत्रिणीच्या आक्षेपाचं मूळच निघून जातं. तरी हे काही मी तिला आधी सांगितलं नाही. 'कॉल ऑफ द व्हॅली' लावली. १९६७ च्या सुमाराची ही रेकॉर्ड, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर काब्रा. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून पुढे. संतूर आणि बासरीमुळे ही रेकॉर्ड पुष्कळ घरांत होती, पण गिटारवाल्याचं नाव विचारलं की बहुतेक जण अडतात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

आपल्या लोकांनी आवर्जून लक्षात ठेवावं असं यात आणखी एक आहे. एचएमव्हीसाठी ही रेकॉर्ड घडवून आणली ती जी. एन. जोशी यांनी. 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे तेच जोशी. आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर.

तर मैत्रीण. संतूर वाजत होतं तोवर ती ओळखीचं ऐकतेय अशा चेहऱ्याने बसली होती. मग गिटारचा कोमल ऋषभ आला. षड्जावरून उचलून न घेता, खालून हळूहळू वर सरकत, मध्ये किंचित रेंगाळत. तिने तिथेच हात वर केला, थांब म्हणून. तोच तुकडा पुन्हा लावायला लावला, परत परत. स्वतःच्या डाव्या हाताचं बोट हवेत ओढून बघत होती, सतारीवर ही मींड किती ओढावी लागेल ते. "ओढून जाईल एवढं. पण याला ओढावंच लागत नाहीये," म्हणाली.

त्यानंतर काब्रांचं एकल वादन तिने स्वतः शोधून ऐकलं, विशेषतः आलाप. तंतकारीत, म्हणजे तारा छेडून लयीत वाजवण्यात, सतारीला जे सुटसुटीत बोल मिळतात ते इथे नाहीत असं ती अजूनही म्हणते. ते मलाही मान्य आहे. पण पडद्यांचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही.

---

ठाण्याहून

धागाकर्त्याशी सहमत, फक्त गप्प बसण्याचं पटलं नाही. काही वादन असं असतं की आधी दोन वाक्यं सांगितली नाहीत तर अर्धं निसटतं.

मित्र तबल्याचा विद्यार्थी, झाकीरभाईंचा भक्त. मी त्याला ब्रिटिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन ऐकवला तो 'शक्ती' या बँडमधला, जिथे तबल्यावर झाकीरभाईच आहेत; १९७६ चा पहिला अल्बम, 'जॉय' हा तुकडा. अठरा मिनिटांच्या वरच आहे. आधी एवढंच सांगितलं: व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम, आणि मॅक्लॉफ्लिनने या संगीतासाठी गिटार खास बनवून घेतली होती. पडद्यांच्या मधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं, म्हणजे तार खाली दाबून गमक काढता यावी. शिवाय सतारीच्या तरफांसारख्या, आपोआप झंकारणाऱ्या जादा तारा तिरप्या ताणलेल्या.

हे माहीत असल्यामुळे त्याने पहिल्यापासून गिटार ऐकली, नाहीतर तो अठरा मिनिटं फक्त तबला ऐकत बसला असता. हाताने ताल धरून होता. गिटार आणि व्हायोलिन एकाच वेळी तिहाई घेऊन, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून, समेवर येतात, तिथे त्याचा हात मांडीवर पडला तो बरोब्बर त्यांच्यासोबत. एक गोरा माणूस सम कशी गाठतो हेच त्याला पाहायचं होतं, आणि ते त्याला पुराव्यासकट मिळालं. त्याच अल्बममधलं 'लोटस फीट' मात्र त्याला सपक वाटलं. मला ते फार आवडतं. असो.

त्याने नंतर स्वतःहून 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' मिळवलं. मुंबईतच झालेली मैफल, त्यामुळे त्याला त्याचं अप्रूप जास्त.

---

पुण्याहून

माझं थोडक्यात. पिंक फ्लॉइड बँडचा डेव्हिड गिल्मर, 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'. मोठ्या सोलोपर्यंत जायची गरजच पडली नाही. सुरुवातीच्या पसरट सुरांनंतर एकटी गिटार येते आणि चार सूर वाजवून थांबते. बहीण म्हणाली, "हे कोणाला तरी हाक मारल्यासारखं आहे." ते वादन बँडपासून दुरावलेला जुना साथी सिड बॅरेट याच्या आठवणीत आहे हे मी तिला तोवर सांगितलेलं नव्हतं.

---

फ्रँकफर्टहून

मी ऐकणाऱ्याच्या बाजूचा. इथे आलो तेव्हा शेजारच्या जर्मन सहकाऱ्याने मला जिमी हेंड्रिक्स ऐकवला. थेट 'मशीन गन', १ जानेवारी १९७० ला न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये वाजवलेलं. बेसवर बिली कॉक्स, ड्रम्सवर बडी माइल्स. सोपं काही आधी दे ना, असं कुणीही म्हणेल. तो म्हणाला, सोपं तू कधीही ऐकशील.

व्हिएतनामचं युद्ध चालू असताना, स्वतः सैन्याच्या हवाई छत्रीदलात राहून आलेला माणूस गिटारमधून गोळ्यांचा आवाज काढतोय. आधी मला तो नुसता ध्वनिपरिणाम वाटला. मग सोलोच्या सुरुवातीला एक सूर लागतो आणि तो संपतच नाही. अ‍ॅम्प्लिफायरमधून परत फिरून तारेवर येतो, थरथरतो, माणसाच्या रडण्याच्या अगदी जवळ जातो. मला त्या दिवशी ते आवडलं असं म्हणणार नाही. पण घरी ट्रॅममध्ये दुसरं काही लावावंसं वाटेना.

सहकाऱ्याने मागाहून 'लिटल विंग' दिलं. अडीच मिनिटांचंही नाही. तेव्हा कळलं की हाच माणूस किती हळुवार वाजवू शकतो. मला हाच क्रम बरोबर वाटतो.

---

नाशिकहून

गिटार ऐकत नाही म्हणणाऱ्यांना मी 'चुरा लिया है'ची सुरुवात ऐकवते. काचेची किणकिण, मग बारा तारांची गिटार. वाजवणारे भूपिंदर सिंग. 'बीती ना बिताई' गाणारेच ते भूपिंदर, हे कळल्यावर माझ्या शेजारच्या काकूंनी त्यांची सगळी गाणी नव्याने ऐकायला घेतली, या वेळी मागची गिटार शोधत.

---

डोंबिवलीहून

सगळे ऐकण्याबद्दल लिहितायत, मी पाहण्याबद्दल लिहितो. जेफ बेक ऐकवू नका, दाखवा. २००७ मध्ये लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबात झालेल्या मैफलीचं चित्रण आहे. जागा लहान, कॅमेरा हाताजवळ.

मैत्रीण ख्याल शिकते. तिला 'व्हेअर वेअर यू' दाखवलं. बेकही नखी वापरत नसे. तार एकदा छेडतो, अगदी बारीक घंटेसारखा सूर निघतो, आणि मग गिटारच्या ब्रिजला (तारा टेकतात त्या घोडीला) जोडलेल्या दांडीवर तळहात ठेवून तोच सूर वर-खाली नेत पुढची अख्खी ओळ वाजवतो. करंगळी आवाजाच्या बटणावर, त्यामुळे छेडल्याचा ठोका ऐकूच येत नाही, सूर कुठूनसा उगवल्यासारखा लागतो. नुसतं ऐकलं असतं तर तिला ते सिंथेसायझर वाटलं असतं. पाहिल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "दांडी किती दाबायची हे याला कळतं कसं?" खुणा नाहीत, पडदे नाहीत, सगळा हिशेब कानाचा. गळ्याचंही तसंच असतं ना, असं तीच पुढे म्हणाली.

मग त्याच मैफलीतलं 'कॉज वी हॅव एंडेड अ‍ॅज लव्हर्स' लावलं. रचना स्टीव्ही वंडरची. तिथे विशीतली ताल विल्केनफेल्ड बेसवर सोलो घेते आणि बेक बाजूला उभा राहून तिच्याकडे कौतुकाने बघत हसतो. आता मैत्रीण ताल विल्केनफेल्डच्या मागे लागली आहे आणि बेसची शिकवणी शोधते आहे. डोंबिवली-कल्याण भागात चांगलं शिकवणारं कुणी माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.