जुनी मस्टँग शोरूमला द्यावी की स्वतः विकावी?

कोथरूडकर (धागालेखक):
माझ्याकडे 2018 साली पुण्यात नोंदवलेली फोर्ड मस्टँग जीटी आहे. कर्ज फिटले असून आरसीवरचा बँकेचा बोजाही उतरवून घेतला आहे. आता सात जण बसतील अशी नवी गाडी घ्यायची आहे आणि ती विकणाऱ्या शोरूमने मस्टँग एक्स्चेंजमध्ये घेण्याची तयारी दाखवली आहे. मात्र त्यांनी सांगितलेला भाव आणि अशाच गाड्यांच्या जाहिरातींतली किंमत यांत सुमारे सात लाखांचा फरक पडतो. जाहिरातीतला आकडा जसाच्या तसा हातात येत नाही हे मान्य करूनही, एवढ्या रकमेवर पाणी सोडावे का, याविषयी कारणांसह मते हवी आहेत.

घाटमाथा:
मुळीच सोडू नये. कारखान्यातूनच उजव्या हाताचे स्टिअरिंग घेऊन आलेली ही मस्टँगची पहिली पिढी, त्यात पाच लिटरचे व्ही-एट इंजिन. तिचे गिऱ्हाईक मोजकेच असते, पण ते गाडी ओळखून पैसे मोजते. शोरूमच्या लेखी मात्र तो अडकून पडणारा माल आहे. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केल्यापासून सुट्या भागांच्या धास्तीने साधे गिऱ्हाईक तिच्या वाटेला जात नाही. त्यामुळे शोरूम बहुधा एखाद्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला भाव विचारते आणि त्यातून स्वतःचा वाटा काढून उरलेला आकडा तुम्हाला सांगते. तो व्यापारी आपला नफा धरतो आणि नोंदणीकृत असेल तर त्या नफ्यावर 18 टक्के जीएसटीही भरतो. हे सगळे अखेर तुमच्याच भावातून जाते. घरच्या वापराची गाडी तुम्ही स्वतः विकलीत तर हा जीएसटी लागत नाही.

एक्स्चेंज बोनसलाही, म्हणजे जुनी गाडी दिल्याबद्दल नव्या गाडीवर मिळणाऱ्या सवलतीलाही, भुलू नका. जुनी गाडी न देता नवी किती रुपयांना पडेल, हे आधी लेखी मागून घ्या. मग बोनस खरा किती आणि जुन्या गाडीच्या भावातून कापून परत दिलेला किती, ते कळेल.

सावधचित्त:
वरील हिशेबात जोखमीचा रकाना कोराच राहिला आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गाडी एकामागून एक कितीही हातांत गेली तरी परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जातो. खासगी विक्रीत गाडी नेणारा माणूस नाव चढवायला टाळाटाळ करू लागला, तर इतक्या ताकदीच्या गाडीच्या अपघाताचा दावा तुमच्या दारी येऊ शकतो. शिवाय काही रक्कम रोख देतो म्हणणारे भेटतातच आणि एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारल्यास आयकर कायद्यानुसार तेवढाच दंड होऊ शकतो. अनोळखी माणसाला चाचणीसाठी किल्ली देण्याविषयी तर मी बोलतच नाही. म्हणून शोरूमलाच द्यावी.

घाटमाथा:
शोरूमला दिली की नाव लगेच बदलते, हे कोणी सांगितले? मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या घ्यायच्या आणि पुढचे गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी जुन्याच मालकाच्या नावावर ठेवायची, ही या धंद्याची जुनी रीत आहे. आपण सांगितलेली जोखीम तिथेही तशीच राहते. वरून सात लाख गेलेले असतात.

सावधचित्त:
ही रीत मलाही ठाऊक आहे आणि तिच्यावर उपाय झाला आहे. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांनुसार, परिवहन विभागाचे अधिकारपत्र असलेल्या व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची ऑनलाइन नोंद झाली की तो मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालक, ठरतो. धागालेखकांनी शोरूमकडे, किंवा गाडी प्रत्यक्षात घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे, ते अधिकारपत्र मागावे. ते नसेल तर माझाही शोरूमचा आग्रह नाही.

जर्सीकर:
इथे न्यू जर्सीत मी माझी स्पोर्ट्स कार डीलरलाच दिली, कारण जुन्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच 6.625 टक्के विक्रीकर लागतो. ती वाचलेली रक्कम धरली तर खासगी विक्रीतला फायदा बराच आटतो. कॅलिफोर्नियात अशी वजावट नाही. भारतात काय नियम आहे?

घाटमाथा:
इथेही वजावट मिळत नाही. नव्या गाडीवरचा जीएसटी आणि राज्याचा एकरकमी वाहनकर, दोन्ही तिच्या पूर्ण किमतीवर लागतात. त्यामुळे आपला युक्तिवाद पुण्यात गैरलागू आहे. विम्याचा नो क्लेम बोनसही, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जी जास्तीत जास्त 50 टक्के असते, गाडी कोणालाही विकली तरी आपल्याच नव्या गाडीला लावून घेता येतो. जुनी पॉलिसी सोडताना कंपनीकडून तसे पत्र तेवढे घ्यावे लागते.

कोथरूडकर (धागालेखक):
सर्वांचे आभार. शोरूमकडे अधिकारपत्राची विचारणा केली, तेव्हा गाडी दुसरीच फर्म घेणार असल्याचे कळले आणि त्या फर्मचे अधिकारपत्र अद्याप कोणी दाखवलेले नाही. म्हणून नवी गाडी ताब्यात येईपर्यंत मस्टँग स्वतः विकण्याचा प्रयत्न करीन. पूर्ण रक्कम बँकेतून, फॉर्म 29 आणि 30 गिऱ्हाइकासमोर भरलेले आणि नाव बदलाचा अर्ज माझ्या देखत दाखल, या अटी मी जाहिरातीतच लिहिणार आहे.

सावधचित्त:
राज्याबाहेरच्या गिऱ्हाइकाला मात्र आधीच नकार द्या. त्याला इथल्या परिवहन कार्यालयाची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) द्यावी लागते आणि तिकडच्या नोंदणीचे काम तो कधी उरकेल, यावर तुमचा काहीही ताबा राहत नाही.

घाटमाथा:
याला माझा विरोध आहे. अशा गाडीला आधीच गिऱ्हाईक थोडे, त्यात बंगळूर आणि हैदराबादची दारे बंद केलीत तर महिनाभरात शोरूमचाच भाव पत्करावा लागेल. एनओसीनंतर नवी नोंदणी होईपर्यंत काही रक्कम लेखी कराराने अडकवून ठेवावी, असे मी सुचवेन.