मदत हवी आहे: ब्राझीलमध्ये साल्वादोर ते ओलिंदा, बसने

२ फेब्रुवारीला साल्वादोरच्या रिओ व्हर्मेल्यो किनाऱ्यावर येमांझा या समुद्रदेवीचा उत्सव असतो. तो पाहून बसने आराकाझू, मासेयो, रेसिफे आणि शेवटी ओलिंदा असा बेत आहे. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची, हे पक्कं. दाखला नसेल तर परतताना मुंबईत विलगीकरणात ठेवू शकतात.

अडचण बसतिकिटांची. बऱ्याच साइट सेपीएफे, म्हणजे तिथला करक्रमांक मागतात. पासपोर्ट क्रमांक चालणारी साइट कोणती? की थेट बसस्थानकाच्या खिडकीवर जावं? कार्निव्हलच्या तोंडावर एक-दोन दिवस आधी जागा मिळते का?

दुसरं, सोबत शाकाहारी मंडळी आहेत. आकाराझे हा तिथला वडा चवळीच्या पिठाचा आणि पामतेलात तळलेला, पण आत भरतात त्या वातापा नावाच्या घट्ट सारणात सुकी कोळंबी असते, कारुरू या भेंडीच्या पदार्थातही. त्यामुळे नुसती वरची कोळंबी काढून भागत नाही. फक्त टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि तिखट घालून देतात का? पोर्तुगीजमध्ये नेमकं काय सांगावं?

उत्सवात पांढरे-निळे कपडे घालतात. बाहेरच्यांनी फुलं अर्पण केलेली चालतात ना? श्रद्धेचा मामला आहे, चूक नको. कृपया अलीकडे जाऊन आलेल्यांनीच सांगा.