पायथ्याशी उभं असलेलं कुणीतरी

पहाटे जाग आली, अंग हलेना आणि पायथ्याशी कुणीतरी उभं होतं, तो जिन्नच असावा, असं तुम्ही लिहिलंत. मला हे अगदी आतून कळतं. माझ्या बाबतीत तीनदा घडलंय. दिसलं काहीच नाही. फक्त गादीची कड दबली, कुणी बसल्यावर दबते तशी, आणि कानाशी श्वास. ओरडायला गेलो तर घशातून आवाजच फुटेना.

स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू स्नायू ढिले सोडतो. तेवढ्यात जाग आली की असं होतं. २००६ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूच्या डाव्या भागाला वीजप्रवाह दिला, तेव्हा तिला मागे सावलीसारखं कुणी असल्याचं जाणवलं. ती उठून बसली की तेही बसे!

पण कारण कळलं म्हणून अनुभवाचं वजन घटत नाही, असं मला मनापासून वाटतं. 'जिन्न'च्या अरबी धातूचा अर्थच झाकलेलं असणं. गर्भासाठीचा 'जनीन' शब्दही त्यातलाच. कुराणातली ७२वी सूरा जिन्नांच्याच नावाची आहे आणि तिथे ते स्वतःच सांगतात, आमच्यात काही सज्जन आहेत, काही तसे नाहीत. शिवाय भूत म्हणजे मेलेल्याचा आत्मा, जिन्न ही वेगळीच निर्मिती. त्यामुळे जिन्न म्हणजे बाधाच, हे मला पटत नाही.

तुमच्या पायथ्याशी जे होतं ते तुम्हाला घाबरवत होतं, की नुसतंच उभं होतं?