डिव्हायडर आणि जनावरं: कालच्या पोस्टला उत्तर

गोदाकाठ:
"नाशिक-पुणे रस्त्याला दोन्हीकडून बॅरियर ठोका, जनावरं आपोआप थांबतील" हे काल इथे वाचलं आणि राहवलं नाही. बॅरियर गाडी अडवायला असतो. पत्र्याच्या बॅरियरखालून ससा, मुंगूस, कोल्हा सहज निघतात. पुढे मधोमध काँक्रीटची सलग भिंत! अर्धा रस्ता ओलांडलेलं जनावर भिंतीलगत पळत सुटतं, नाहीतर माघारी फिरून पुन्हा त्याच गाड्यांत शिरतं. मोहदरी घाटाखाली मी भिंतीला टेकून मेलेलं तरस पाहिलंय.

सिन्नरकर:
माझा चुलतभाऊ पलीकडच्या लेनमधून उसळून आलेल्या ट्रकखाली गेला. तिथे तेव्हा भिंत नव्हती. तरसासाठी ती काढायची?

गोदाकाठ:
काढा असं कुठे म्हटलं? खालून वाट द्या. पेंचच्या व्याघ्र प्रकल्पात नागपूरच्या हायवेखाली जनावरांसाठी वाटा ठेवल्यात, त्यातली एक तर 750 मीटरची. तिथून वाघ जातात.

निफाडची शेतकरीण:
पेंचचं पेंचला राहू द्या. आमच्याकडे बिबट्याची मादी उसातच व्याली. तुमची भिंत ती एका उडीत पार करते. शेतीची लाईट येते रात्री, बारे (पिकाला पाणी) द्यायला माणूस जातो रात्री, बिबट्याही हिंडतो रात्री. आधी मोटरीला दिवसा थ्री फेज लाईट द्या, मग रस्त्याचं बोला.

सिन्नरकर:
ताई, लाईटचा इथे काय संबंध?

निफाडची शेतकरीण:
संबंध आहे! माझे सासरे बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातात, ते परत येईपर्यंत मी दारात उभी असते. तुम्ही शहरात झोपलेले असता.

गोदाकाठ:
मी ओझरचा आहे, शहरातला नाही. आमचा कुत्राही बिबट्यानेच नेला. दिवसा लाईट हवी, शंभर टक्के. पण रस्त्यावर मेलेला बिबट्या तुमच्या उसातलाच असतो ना?

सिन्नरकर:
बरं, खालच्या वाटेचं मान्य. पण रस्त्याखाली पाणी जायच्या आहेत त्या मोऱ्या आधी साफ करा, गाळाने अर्ध्या बुजल्यात. आणि हॉटेलवाले गिऱ्हाइकासाठी डिव्हायडर फोडतात ते बंद करा. भिंतीलगत पळणारं जनावर त्याच फटीतून अचानक बाहेर येतं, आणि उलट बाजूने येणारा मोटरसायकलवालाही तिथेच असतो. भिंत मात्र राहणार.

गोदाकाठ:
राहू द्या. मोरीपर्यंत कडेला जाळी लावा म्हणजे जनावर खाली वळेल. नुसत्या भिंतीने वळत नाही, एवढंच सांगत होतो.

निफाडची शेतकरीण:
मोरी करा. तिचं तोंड आमच्या वस्तीच्या अंगणात उघडणार नाही हे आधी बघा.