दोन भाषांचा लेखक: कर्नाडांच्या निमित्ताने

दोन भाषांत वावरणारा लेखक कोणत्याच भाषेत खोलवर रुजत नाही, हे मत मला मान्य करता येत नाही. आपल्या शेजारच्या धारवाडात घडलेले नाटककार गिरीश कर्नाड याचे बोलके उत्तर आहेत. १९३८ साली माथेरानला जन्म, घरची भाषा कोकणी, शिक्षण शिरसी आणि धारवाडला. इंग्रजीत कवी होण्याचे स्वप्न बाळगणाऱ्या या तरुणाने ऑक्सफर्डला निघण्याच्या तोंडावर नाटक लिहायला घेतले, तेव्हा ते कन्नडमध्येच उतरले, आणि याचे आश्चर्य त्यांना स्वतःलाही वाटले. ते 'ययाति' १९६१ साली प्रसिद्ध झाले. पुढे आपली नाटके त्यांनी स्वतःच इंग्रजीत नेली.

चित्रपटातही तेच घडले. १९७० च्या 'संस्कार' या कन्नड चित्रपटाची पटकथा आणि प्रमुख भूमिका त्यांची. 'वंशवृक्ष' (१९७१) हाही कन्नड चित्रपट त्यांनी ब. व. कारंतांसह दिग्दर्शित केला. मराठी 'उंबरठा'त (१९८२) ते स्मिता पाटील यांच्या पतीच्या भूमिकेत होते, हे आपल्याकडच्या मराठी प्रेक्षकांना वेगळे सांगायला नको.

खानापूरच्या आमच्या घरी आजी जात्यावर मराठी ओव्या म्हणत असे आणि दारात आलेल्या भाजीवालीशी कन्नडमध्ये भाव करत असे. दोन्हीकडे तिचा शब्द कधी अडला नाही. कर्नाड वाचताना मला तिचीच आठवण येते, कारण या सीमाभागात दुसरी भाषा शिकावी लागत नाही, ती ओसरीवरच भेटते.