कमी पैशात धंद्याची जाहिरात : सांगली-मिरजकरांनो, तुमचं काय चाललं आणि काय फसलं?

विश्रामबागेत घरातूनच भडंगाचा धंदा सुरू करून सात महिने झाले. सांगलीत भडंग विकणं म्हणजे मालवणात मासे विकणं. माझं चांगलं आहे, पण वाईट कुणाचंच नाही. जाहिरातीला महिन्याला ३,००० रुपये काढू शकते, त्यावर एक रुपया नाही. "माल चांगला ठेव, गिऱ्हाईक आपोआप येतं" हे सासरे रोज ऐकवतात, ते इथं नको. तुमचे किती गेले, त्यातून किती माणसं आली आणि काय पाण्यात गेलं, तेवढं सांगा.

कांडपवाली, सांगलीवाडी
आमचं मिरची कांडप. मार्च ते मे एवढाच सीझन, वर्षाची चटणी तेव्हाच होते. (चटणी म्हणजे कांदा-लसूण. पुण्याच्या मंडळींनी ओल्या खोबऱ्याची समजू नये.) पहिल्या वर्षी नवऱ्यानं चौकात मोठा फ्लेक्स लावला. परवानगी घेतली नव्हती. चौथ्या दिवशी फ्लेक्स गेला, बांबूपण गेले.

दुसऱ्या वर्षी माझ्या डोक्यात आलं, बायका घरून स्टीलचा डबा आणतात आणि तोच डबा वर्षभर त्यांच्या स्वयंपाकघरात असतो. मग झाकणावर नाव, फोन नंबर आणि दळल्याची तारीख लिहिलेलं स्टिकर लावायला लागले. आधी कागदी छापली, ती तेलानं महिन्यात विरघळली. मग प्लास्टिकची केली, १,००० नगांना १,८०० रुपये पडले. पुढच्या फेब्रुवारीत फोन सुरू. एक आक्का म्हणाल्या, "तुझा नंबर रोज भाजी करताना बघतोय गं." त्यातही जास्त फोन त्यांच्या जावा-नणंदांचे. तारखेचा फायदा वेगळाच: चटणी काळी पडली म्हणून कुणी भांडायला आलं की गेल्या वर्षीची आहे हे डब्यावरच दिसतं.

डबेवाली, मिरज
वर्तमानपत्रातून ५,००० हँडबिलं वाटली. छपाई आणि पेपर टाकणाऱ्या पोरांचे पैसे धरून साडेपाच हजार. फोन ११ आले, डबा चौघांनी लावला, त्यातल्या एकानं महिन्याचे पैसे बुडवले.

नंतर उलटा विचार केला. मिरजेत घरचं जेवण सगळ्यात जास्त कुणाला हवं असतं? दवाखान्यात पेशंटजवळ बसलेल्या माणसाला. ती माणसं निम्मी बेळगाव-विजापूरकडची. फक्त ३०० हँडबिलं काढली, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. औषध दुकानांच्या काउंटरवर आणि लॉजच्या मॅनेजरकडं ठेवली. कन्नड मजकूर आमच्याकडं भाकरी करायला येणाऱ्या अथणीच्या मावशींनी तपासला, नाहीतर प्रेसवाल्यानं 'ऊट'च्या (म्हणजे जेवणाच्या) जागी काय छापलं होतं ते सांगण्यासारखं नाही. आज रोजचे ४० डबे जातात, त्यातले २५ तरी दवाखान्यात. हा पेशंट आठ दिवसांत घरी जातो, म्हणून गिऱ्हाईक सारखं नवं लागतं. मॅनेजरला मी कमिशन देत नाही. रात्रीचा एक डबा त्याला फुकट.

गॅरेजवाला, शामरावनगर
ताई, सांगलीत 'पाण्यात गेलं' जरा जपून म्हणा. २०१९ च्या पुरात माझं दुकान खरंच पाण्यात गेलं.

गूगल मॅपवर दुकान टाकायला पैसे लागत नाहीत, ते केलंच असेल. पण टाकून विसरू नका. पुरानंतर दीड महिना शटर बंद होतं, तेव्हा कुणीतरी 'कायमचं बंद' अशी सूचना केली आणि गूगलनं ती धरली. मी दुकान उघडून बसलोय, फोन का येत नाहीत कळेना. दिवाळीनंतर एक जुना गिऱ्हाईक म्हणाला, "भावा, तू तर बंद केलंयस नव्हं?" तेव्हा उलगडा झाला. आता दर सोमवारी बघतो, महिन्याला दोन फोटो टाकतो. रिव्ह्यू गाडीची किल्ली देतानाच मागायचा, घरी गेल्यावर कोण लिहीत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका, ते गूगलच्या नियमात बसत नाही.

ब्लाऊजवाली, माधवनगर
व्हॉट्सअ‍ॅपवर २५६ जणींची ब्रॉडकास्ट यादी केली, नव्या डिझाइनचे फोटो टाकले, उत्तरं सहा. वाटलं शिवणच आवडत नाही, चार दिवस तोंड पाडून बसले. मग भाचीनं सांगितलं की ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. बाकीच्यांना गेलाच नव्हता! आता ब्लाऊज हातात देताना म्हणते, "वहिनी, नंबर सेव्ह करा माझ्यासमोर." खर्च शून्य.

भेळवाला
रीलवाल्या पोराला ४,००० दिले. ८०,००० व्ह्यूज आले, कमेंटा सगळ्या पुणे-मुंबईच्या. शनिवार-रविवार एवढी गर्दी झाली की चिंच-गुळाचं पाणी साडेसातलाच संपलं आणि लोकांनी एक-एक स्टार दिला. सोमवारपासून पुन्हा आपले नेहमीचेच. आता रोज १०० रुपयांची जाहिरात लावतो, सांगलीभोवतीच दिसेल अशी. बरी चालते.

हळद दुकान, गणपती पेठ
सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. मी हौसेनं पाकिटावर मोठं 'जीआय हळद' छापलं. एका जाणत्या गिऱ्हाइकानं विचारलं, "तुम्ही अधिकृत वापरकर्ते आहात का?" तशी नोंदणी स्वतःची वेगळी करावी लागते, शहराचं नाव आहे म्हणून कुणीही छापायचं नसतं. ३,००० पाकिटं माळ्यावर पडून आहेत. आधी विचारा, मग छापा. मंडळाच्या कमानीवर नाव टाकायला २,००० देतो दरवर्षी, पण त्याला जाहिरात म्हणत नाहीत, वर्गणी म्हणतात.

धागाकर्ती
डब्याच्या स्टिकरनं झोप उडवली माझी. संस्थानच्या गणपतीचं विसर्जन पाचव्या दिवशी, तेव्हा दोनशे पाकिटं तरी जातील असा अंदाज आहे. कांडपवाल्या ताई, भडंगाच्या पाकिटावर तुमच्यासारखंच स्टिकर लावू का?

कांडपवाली, सांगलीवाडी
पाकिटावर नको गं. फोडलं की केरात जातंय. अर्ध्या किलोची बरणी काढ आणि झाकणावर लाव. रिकामी बरणी घेऊन आली की दहा रुपये कमी घे. मिरवणुकीत मात्र पाकिटंच वीक, तिथं बरणी कोण हातात धरून हिंडतंय.